टर्बो उशिरा का लागतो? रीमॅप केलेल्या गाडीचं दुखणं शोधताना

आपल्याकडे टर्बो-पेट्रोल गाडी आता फक्त हौशी लोकांची राहिलेली नाही. चार मीटरच्या आतली गाडी आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल इंजिन असलं की कर कमी बसतो. त्यामुळे कंपन्यांनी इंजिन लहान केलं आणि कमी पडणारी ताकद टर्बोकडून काढायला सुरुवात केली. चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय हे त्यातलं सगळ्यात लाडकं उदाहरण. २०१३ साली आलेली ही गाडी १.२ लिटरच्या इंजिनातून १०५ पीएस द्यायची. आज ती जुन्या बाजारात फिरते आहे आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात गेलेल्या बऱ्याच गाड्या रीमॅप केलेल्या, म्हणजे संगणकातले आकडे बदलून ताकद वाढवलेल्या, असतात.

मग तक्रार सुरू होते. रीमॅपनंतर सुरुवातीला गाडी सुसाट होती, आता दाबलं तरी आधी विचार करते आणि मग पळते. पिकअप गेला. इथे दोन निदानं ठरलेली असतात. गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला, आणि मित्रमंडळी म्हणतात नव्या ई२० (इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने वाट लावली. पहिल्या निदानाचा खर्च पाच आकडी, कधी सहा आकडी. दुसऱ्याला खर्च नाही, पण इलाजही नाही.

दोन्ही निदानं खरी असू शकतात. पण त्याआधी एक साधा प्रश्न विचारायचा असतो आणि तो फार कमी ठिकाणी विचारला जातो: गाडीच्या संगणकाने टर्बोकडे किती दाब मागितला आणि प्रत्यक्षात किती मिळाला? याचं उत्तर मिळालं की निम्मी कारणं तिथल्या तिथे बाद होतात.

टर्बो करतो काय

इंजिनात इंधन जळून जो धूर सायलेन्सरकडे जातो, त्यात भरपूर उष्णता आणि वेग असतो. साध्या गाडीत तो वाया जातो. टर्बोमध्ये एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे असतात. एक पंखा या धुराने फिरतो, त्याला टर्बाइन म्हणतात. तो फिरला की दुसऱ्या टोकाचा पंखा, म्हणजे कॉम्प्रेसर, बाहेरची ताजी हवा ओढून दाबतो. दाबलेली हवा तापते म्हणून ती इंटरकूलरमध्ये थंड करून इंजिनात सोडतात. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जाळता येतं, म्हणून ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं. तत्त्व अजून तेच आहे.

बाहेरच्या हवेपेक्षा जेवढा दाब जास्त, तो बूस्ट. लहान गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरू शकतो, त्यामुळे त्याला लगाम लागतो. तो लगाम म्हणजे वेस्टगेट: टर्बाइनच्या आधी असलेली एक छोटी झडप. ती उघडली की धूर टर्बाइनला वळसा घालून थेट बाहेर जातो आणि टर्बोचा वेग आटोक्यात राहतो. ती घट्ट मिटली की सगळा धूर पंख्यावर पडतो. म्हणजे टर्बो लवकर वेगात यायला हवा असेल, तर सुरुवातीला ही झडप पूर्ण बंद बसलीच पाहिजे. पुढे हिचं नाव बऱ्याचदा येणार आहे.

लॅग कशाला म्हणायचं, कशाला नाही

‘लॅग’ या एकाच शब्दाखाली लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि निदान चुकायला तिथूनच सुरुवात होते.

पहिली गोष्ट अशी की इंजिन १२०० आरपीएमवर फिरत असताना तुम्ही पाय पूर्ण दाबला, तरी टर्बो फिरवण्याएवढा धूरच तयार होत नाही. हा टर्बोचा उंबरठा. तो टर्बोच्या आकारावर ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे इंजिन ३००० आरपीएमवर आहे, धूर भरपूर आहे, तुम्ही दाबलं आणि तरीही दाब तयार व्हायला वेळ लागला. हा खरा लॅग. पंख्यांना वेग घ्यायला आणि मधल्या पाइपांत दाब भरायला थोडा वेळ लागणारच. पण हा वेळ काल होता त्यापेक्षा आज जास्त असेल, तर काहीतरी बिघडलंय.

स्विफ्ट डिझेल चालवलेल्या माणसाला उंबरठा समजावून सांगावा लागत नाही. फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाचा ७५ पीएसचा अवतार २००० आरपीएमच्या खाली झोपलेला असायचा आणि वर गेला की एकदम उठायचा. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेल्या किती जणांनी क्लच जाळले असतील! पण तो बिघाड नव्हता, ती इंजिनाची जातकुळी होती.

मोठा टर्बो बसवून घेतलेल्यांनाही हेच लागू आहे. संभाजीनगरच्या शेंद्र्याला जोडणी झालेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआयवर फोक्सवॅगन गोल्फ आरचा आयएस३८ टर्बो चढवायची पद्धत हौशी लोकांत आहे. वरच्या आरपीएमला त्याची मजा वेगळीच, पण पंखे मोठे म्हणजे जड, आणि त्यांना फिरवायला धूर जास्त लागतो. तो मूळ टर्बोपेक्षा उशिरा लागणारच. अशा गाडीची तुलना मूळ गाडीशी करू नये. तोच टर्बो असलेल्या निरोगी गाडीशी करावी.

गिअरचाही भाग असतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन इतक्या झटकन वर जातं की टर्बोला वेळच मिळत नाही. त्याच गाडीत चौथ्या गिअरमध्ये तोच दाब कमी आरपीएमवर येतो. ‘परवा मस्त पळत होती’ असं म्हणताना परवा कोणता गिअर होता, हे आठवून पाहावं.

रीमॅपने नेमकं काय बदलतं

ईसीयू म्हणजे गाडीचा संगणक. आजच्या गाड्यांत तुमचा पाय थेट थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, उघडत नाही. पायाच्या दाबावरून ईसीयू ठरवतो की चालकाला किती टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, हवा आहे. त्यासाठी हवा किती लागेल, ती यायला बूस्ट किती लागेल, हे सगळं तो मोजतो आणि मग वेस्टगेटला व थ्रॉटलला हुकूम देतो. रीमॅप म्हणजे या हिशेबाचे आकडे बदलणं. जास्त बूस्ट, तो लवकर मागायचा, स्पार्कची वेळ थोडी आधी, इंधन जास्त.

कंपनीने मूळ आकडे ठेवताना हातचा राखून ठेवलेला असतो. राजस्थानातला उन्हाळा, लडाखची उंची, वाईट पेट्रोल, दहा वर्षं जुनं इंजिन, या सगळ्यांत गाडी चालली पाहिजे. रीमॅप हा हातचा खर्च करून टाकतो. शेतातल्या पाइपलाइनला बारीक भोक असेल तर पाटाने पाणी देताना ते कळत नाही. स्प्रिंकलर जोडले की कळतं, कारण आता पाणी नुसतं वाहून चालत नाही, दाबाने यावं लागतं. मूळ गाडीत इंटरकूलरच्या नळीतून थोडी हवा गळत असेल, तर ईसीयू वेस्टगेट जरा जास्त मिटवून ती भरून काढतो आणि मालकाला पत्ता लागत नाही. रीमॅपनंतर तीच गळती उघडी पडते. बिघाड जुना, फक्त तो दिसायला लागला नंतर. म्हणून ‘रीमॅपनंतर झालं म्हणजे रीमॅपमुळेच झालं’ हा निष्कर्ष बऱ्याचदा फसतो. उलट्या बाजूनेही फसतो, ते पुढे येईलच.

मागितलं किती, मिळालं किती

स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायचं, सॉकेट असतं. त्यात स्कॅनर लावून चालत्या गाडीचे आकडे नोंदवता येतात, त्याला लॉग घेणं म्हणतात. बाजारातलं स्वस्त ब्लूटूथ यंत्रही चालतं, पण त्याच्या दोन मर्यादा आहेत. एक, ते हळू आहे. दहा गोष्टी एकदम मागितल्या तर प्रत्येकीचा आकडा इतक्या उशिरा येतो की निम्मी गोष्ट हुकते. चार-पाचच निवडाव्यात. दुसरी, ओबीडीच्या प्रमाणित यादीत इनटेकमधला, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा, दाब मिळतो, तोही २५५ किलोपास्कलपर्यंतच, आणि ईसीयूने मागितलेला दाब सहसा त्या यादीतून मिळत नाही. त्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांना समजणारं साधन लागतं. फोक्सवॅगन-स्कोडासाठी व्हीसीडीएस हे त्यातलं प्रसिद्ध.

काय नोंदवायचं? आरपीएम, मागितलेला दाब, मिळालेला दाब, वेस्टगेटला दिलेला हुकूम, थ्रॉटल किती उघडलंय. पुढच्या फेरीत इनटेकच्या हवेचं तापमान, स्पार्कची वेळ आणि इंधनाचा दाब. इंजिन पूर्ण गरम झालं की तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमपासून पाय पूर्ण दाबून वरपर्यंत. हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून मोजणाऱ्या यंत्रावर, करावं. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर कारसाठी मर्यादा ताशी १०० किलोमीटरची आहे आणि तिसऱ्या गिअरमध्ये वरपर्यंत ओढलं की ती सहज ओलांडली जाते. शिवाय समोर रस्ता की मांडीवर लॅपटॉप, हा प्रश्न सुटत नाही.

लॉग घेण्याआधी एक फुकटची तपासणी आहे. इग्निशन चालू, इंजिन बंद. आता दाबाच्या सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवला पाहिजे: मुंबईत साधारण १०१० मिलिबार, पुण्यात ९५०च्या आसपास. पुण्यातल्या पार्किंगमध्ये इंजिन बंद असताना सेन्सर ८८० दाखवत असेल, तर तो सेन्सर खोटं बोलतोय आणि पुढचे सगळे आकडे त्याच्या खोट्यावर उभे राहणार आहेत.

ध्यानात ठेवायची गोष्ट ही की स्कॅनरवरचा दाब सहसा निरपेक्ष असतो, म्हणजे त्यात बाहेरच्या हवेचा दाब धरलेला असतो. स्कॅनरवरचे २००० मिलिबार म्हणजे गेजवरचा साधारण एक बार बूस्ट. एकाने गेजचा आकडा सांगायचा, दुसऱ्याने स्कॅनरचा, आणि दोघांनी वाद घालायचा, हे सर्रास चालतं.

समजा लॉग असा आला: २००० आरपीएमला मागितले १८०० मिलिबार, मिळाले १३५०. २५०० ला मागितले २१००, मिळाले १६००. ३००० ला २१००, मिळाले १९००. ३५०० ला दोन्ही २१००. आणि या सगळ्या वेळात वेस्टगेटला हुकूम होता, ‘पूर्ण मिटून राहा’. हे आकडे बोलके आहेत. ईसीयू जिवाच्या आकांताने मागतोय, टर्बो शेवटी देतोय, पण हजारभर आरपीएम उशिरा. म्हणजे फाइल (रीमॅपचे बदललेले आकडे) दोषी नाही, वेस्टगेट चालवणारा हुकूम दोषी नाही. हवा किंवा धूर कुठेतरी निसटतोय.

आता दुसरा लॉग बघा. २५०० ला मागितले १५००, मिळाले १४८०. टर्बो जे मागितलं ते देतोय. मागणीच कमी आहे. इथे टर्बो बदलून कवडीचा फरक पडणार नाही.

तिसरी शक्यता: मागणी भरपूर, पुरवठाही बरोबर, तरी गाडी मठ्ठ. मग बूस्टचा विषयच संपला. क्लच घसरतोय का, थ्रॉटल अर्धवट मिटतंय का, स्पार्कची वेळ मागे ओढली गेलीये का, हे बघायचं. क्लच घसरला की आरपीएम चढतात आणि गाडीचा वेग चढत नाही. रीमॅप केलेल्या गाड्यांत हे फार सामान्य आहे आणि चालकाला ते हुबेहूब लॅगसारखं वाटतं.

मागणीच कमी का होते

ईसीयू घाबरला की मागणी कमी करतो. त्याला घाबरवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत.

नॉकिंग ही सगळ्यात मोठी. सिलिंडरमधलं मिश्रण स्पार्कने पेटल्यावर त्याचा उरलेला भाग स्वतःहून स्फोटासारखा जळतो, तेव्हा बारीक टकटक होते आणि पिस्टनवर घाव बसतात. नॉक सेन्सरला हे ऐकू आलं की ईसीयू स्पार्क मागे घेतो आणि पुढे बूस्टही उतरवतो. जुने स्पार्क प्लग, तापलेली हवा, कमी ऑक्टेनचं, म्हणजे नॉकिंग कमी रोखणारं, पेट्रोल ही त्यामागची नेहमीची कारणं. रीमॅप ९५ ऑक्टेनसाठी लिहिलेला आणि टाकीत त्याहून हलकं पेट्रोल, तर गाडी मरगळणारच.

दुसरी मर्यादा गिअरबॉक्सची. पोलो जीटी टीएसआयचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कंपनीच्या भाषेत डीक्यू२००. त्याची रचनाच २५० न्यूटन-मीटरपर्यंतची आहे. इंजिन मुळात १७५ देत होतं. रीमॅपने इंजिनाचे आकडे वाढवले पण गिअरबॉक्सच्या संगणकातली मर्यादा तशीच राहिली, तर तो इंजिनाला ‘पुरे’ सांगतो. शिवाय ईसीयूच्या आत टॉर्कच्या मर्यादांचे एकावर एक कप्पे असतात. स्वस्तातल्या रीमॅपमध्ये एक कप्पा वाढवतात आणि दुसरा विसरतात. मग बूस्ट मागितला जातो आणि त्याच क्षणी थ्रॉटल मिटायला लागतं. लॉगमध्ये पाय १०० टक्के आणि थ्रॉटल ४० टक्के दिसलं, की फाइल लिहिणाऱ्याकडे परत जायचं. इथे रीमॅपच दोषी असतो.

मागणी पूर्ण, पुरवठा अर्धा

बहुतेक गाड्या या गटात सापडतात, म्हणून इथे जरा वेळ काढू.

पहिला संशय हवेच्या गळतीचा. कॉम्प्रेसरपासून थ्रॉटलपर्यंत नळ्या, क्लॅम्प, इंटरकूलर, त्याच्या प्लास्टिकच्या टाक्या, आणि पाय काढल्यावर जादा दाब सोडणारी डायव्हर्टर झडप, एवढ्या जागा. काहीही विकत घेण्याआधी टॉर्च घेऊन या नळ्या बघा. इंजिनातून येणाऱ्या हवेत तेलाचा बारीक अंश असतो. जिथून हवा निसटते तिथे हे तेल बाहेर येतं आणि त्यावर आपल्या रस्त्यांची धूळ बसते. क्लॅम्पच्या खाली काळं, ओलसर कडं दिसलं तर तिथे गळती आहे असं समजून पुढे चला. सर्व्हिसिंगनंतर दुखणं सुरू झालं असेल तर सगळ्यात आधी त्या दिवशी उघडलेली नळी बघायची.

डोळ्यांना दिसली नाही तर दाबाची चाचणी. टर्बोच्या तोंडाशी बूच बसवून कॉम्प्रेसरने हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारतात. टायरचं पंक्चर शोधतात तसंच. दाब हळूहळू वाढवायचा आणि गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या पुढे न्यायचा नाही. यात थोडी हवा इंजिनाच्या पोटातही जाते, ती तेलाच्या झाकणाशी ऐकू येते. तिला गळती समजू नये. डायव्हर्टर झडपेत रबराचा पडदा असेल तर तो फाटलाय का हे बाहेर काढूनच कळतं. रीमॅपने वाढवलेल्या दाबाला हा पडदा आधी बळी पडतो.

हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत आणखी एक खूण मिळते. सेन्सरच्या पुढे, दाबाच्या बाजूला गळती असेल तर मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचतच नाही, पण इंधन मात्र मोजमापाप्रमाणे पडतं. जोर दिल्यावर मिश्रण जाड होतं, सायलेन्सरचं तोंड काळं पडतं. एमएएफ नसलेल्या, फक्त दाबावर हिशेब करणाऱ्या गाडीत ही खूण मिळत नाही.

गळती नसेल तर वेस्टगेट. झडप मिटल्यासारखी वाटते पण पाकळी बसत नाही. तिची पिन झिजते, सांधा उष्णतेने अडकतो. थंड इंजिनात किंवा पाय सोडताना पत्रा थरथरल्यासारखा आवाज येतो. झडप हवेच्या दाबावर किंवा व्हॅक्यूमवर चालत असेल तर हातपंप लावून बघतात: दांडी किती दाबाला हलायला लागते आणि सोडल्यावर पूर्ण परत येते का. दांडीला आधीपासून दिलेला ताण कमी झाला असेल तर धुराच्या धक्क्याने झडप वेळेआधीच किंचित उघडते, आणि नेमका सुरुवातीचाच बूस्ट जातो. पोलोच्या १.२ टीएसआयमध्ये हेच काम विजेची मोटर करते. तिथे सांधा जड झाला की मोटर ढकलते पण झडप जागच्या जागी. असा सांधा मोकळा होण्यासारखा असेल तर नवा टर्बो कशाला?

मग धुराची गळती. सिलिंडरमधला धूर टर्बोकडे नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चीर गेली किंवा गॅस्केट जळलं, तर टर्बाइनवर पडण्याआधीच धूर बाहेर. सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर टिक-टिक आवाज येतो आणि पाच-दहा मिनिटांत धातू प्रसरण पावून तो बंद होतो. मालकाला वाटतं, गेलं. गेलेलं नसतं. सांध्याजवळ काजळीचा पट्टा दिसतो.

उलट बाजूने, टर्बोच्या पुढे रस्ता तुंबला तरी हाच परिणाम. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (कॅटची) जाळी वितळली की धूर साचतो आणि पंखा फिरेना. यावर ‘कॅट काढून टाक’ हा सल्ला लगेच मिळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेविरुद्ध असे बदल करता येत नाहीत, आणि त्या धुराचा त्रास मागच्या दुचाकीवाल्याला होतो. कॅट तुंबला कशामुळे, हे शोधून तो बदलावा. बहुतेकदा मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन पेटलेलं असतं.

‘पण स्कॅनरला तर एररच नाही’

बूस्ट कमी पडल्याचा ठराविक कोड आहे, पी०२९९. तो लागायला फरक मोठा असावा लागतो आणि काही काळ टिकावा लागतो. हजार आरपीएम उशिरा का होईना, बूस्ट आला, तर बऱ्याच गाड्या तक्रार करत नाहीत. आणि रीमॅप केलेल्या गाडीत ही मर्यादा सैल केलेली किंवा बंदच केलेली असू शकते, म्हणजे ग्राहकाचा पिवळा दिवा लागत नाही आणि फाइल लिहिणाऱ्याला त्याचा फोन येत नाही. फाइल करून घेताना हे थेट विचारावं. एरर नाही याचा अर्थ एवढाच की संगणकाला तक्रार करावीशी वाटली नाही.

यात धोकाही आहे. गळती भरून काढायला टर्बो नेहमीपेक्षा जास्त वेगाने फिरतो. इनटेकमध्ये दाब बरोबर दिसतो, पण दांडा त्याच्या मर्यादेपलीकडे पळत असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या क्लॅम्पपायी टर्बो खरोखर जातो तो असा.

ई२०चा दोष किती

२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता देशभर पंपांवर आहे आणि त्यावरून २०२५मध्ये चांगलंच वादळ झालं. मायलेजचा मुद्दा खरा आहे: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे ई२०मध्ये ती सहा-सात टक्के घटते. तेवढीच हवा जाळायला इंधन थोडं जास्त फवारावं लागतं. पण बूस्ट उशिरा येण्याशी याचा थेट संबंध नाही. उलट इथेनॉल नॉकिंग रोखतं, टर्बो गाडीच्या ते सोयीचंच.

रीमॅप केलेल्या गाडीत मात्र एक अपवाद सांभाळावा. इंधनाचा उच्च दाबाचा पंप रीमॅपमुळे आधीच काठावर असेल, तर हे जादाचं इंधन त्याला झेपत नाही. लॉगमध्ये इंधनाचा मागितलेला आणि मिळालेला दाब ठेवला की हे दिसतं: वरच्या आरपीएमला दाब कोसळतो आणि ईसीयू बूस्ट उतरवतो. लक्षात घ्या, हे वरच्या आरपीएमला. २००० आरपीएमला गाडी मठ्ठ असेल तर पेट्रोलला शिव्या देऊन उपयोग नाही. जुन्या रबरी नळ्या आणि सील यांवर इथेनॉलचा काय परिणाम होतो, हा प्रश्न योग्य आहे, पण तो वेगळा.

घाट आणि मे महिना

‘मुंबईत बरी होती, महाबळेश्वरला चढताना दमली.’ महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. तिथे बाहेरच्या हवेचा दाब ८६० मिलिबारच्या आसपास. इंजिनाला २००० मिलिबार द्यायचे, तर मुंबईत टर्बोने हवा दुप्पट दाबली की भागतं; महाबळेश्वरला २.३ पट दाबावी लागते. पंखे जास्त फिरले पाहिजेत, म्हणजे वेळ जास्त. तोच प्रकार उन्हाचा. विदर्भातल्या ४५ अंशांची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण नऊ टक्के विरळ असते, आणि इंटरकूलर तरी ती थंड कशाने करणार? पोलोसारख्या गाडीत इंटरकूलर पाण्यावर चालतो. सिग्नलला दहा मिनिटं थांबलात की ते पाणीही तापलेलं असतं. त्या पाण्याचा छोटा पंप बंद पडला तर सकाळी गाडी मस्त आणि दुपारी मठ्ठ, असा नमुना दिसतो. म्हणून दोन लॉगची तुलना करताना गाव, वेळ आणि तापमान लिहून ठेवावं. जानेवारीत लोणावळ्याला घेतलेला लॉग मे महिन्यात नागपूरला लावून भांडू नये.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात

बऱ्याच डिझेल गाड्यांत वेस्टगेटऐवजी टर्बाइनभोवती हलणाऱ्या पात्यांचं कडं असतं. त्याला व्हीजीटी म्हणतात. कमी आरपीएमला पाती मिटतात, धुराचा झोत अरुंद आणि जोरकस होतो, टर्बो लवकर उठतो. शहरात हळूहळू चालणाऱ्या गाडीत ही पाती काजळीने अडकतात. उघडी अडकली तर खालचा बूस्ट जातो, मिटलेली अडकली तर वर दाब अचानक वाढतो आणि गाडी लिंप मोडमध्ये, म्हणजे जेमतेम चालण्यापुरत्या ताकदीवर, जाते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी ईजीआर झडप उघडी राहिली तरी टर्बोकडे जाणारा धूर वळतो. ट्यूनिंग बॉक्स (ताकद वाढवणारी बाहेरची डबी) लावलेल्या डिझेलने काळा धूर ओकला, तर इंधन वाढलंय आणि हवा पोचलेली नाही, एवढं तर स्कॅनरशिवायही कळतं.

टर्बो खरंच गेलाय का

आता टर्बोकडे वळायचं. गळती, वेस्टगेट, धुराचा मार्ग, सगळं बघून झाल्यावर. कॉम्प्रेसरच्या बाजूची नळी काढून, गाडी थंड असताना, दांडा बोटांनी हलवून बघतात. आडवी थोडी हालचाल बहुतेक टर्बोंत असतेच, कारण तो तेलाच्या थरावर तरंगतो. इंजिन बंद असताना तो थर नसतो. एवढ्यावरून ‘टर्बो ढिला झालाय’ म्हणणाऱ्याच्या हाती किल्ली देऊ नका. पण दांडा आत-बाहेर जाणवण्याइतका सरकत असेल, पात्यांच्या कडा घासलेल्या असतील, घरावर ओरखडे असतील, नळीत तेल साचलेलं असेल किंवा सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल, तर मात्र तो गेला.

तेव्हाही नवा टर्बो बसवण्याआधी जुना का गेला ते शोधावं लागतं. बऱ्याचदा तेलाची बारीक नळी आत कोळसा होऊन अर्धी बुजलेली असते: तापलेली गाडी झटकन बंद करायची सवय, किंवा तेल बदलायला केलेला उशीर. ती नळी बदलली नाही, तेल आणि फिल्टर नवे घातले नाहीत, तुटलेल्या पात्याचा तुकडा इंटरकूलरमध्ये राहिला, तर नवा टर्बोही त्याच वाटेने जातो. गॅरेजकडून बिलासोबत कामाच्या आधीचा आणि नंतरचा लॉग मागून घ्या, तोच गिअर, तोच आरपीएमचा टप्पा. मूळ टर्बो असलेल्या टर्बो-पेट्रोल गाडीत नंतरच्या लॉगमधल्या मागितलेल्या आणि मिळालेल्या दाबाच्या रेघा २५०० आरपीएमच्या आत भेटत नसतील, तर काम झालेलं नाही.